उणे तापमानातली विजेची गाडी: एका पूर्ण हिवाळ्यानंतरचा अभिप्राय

माहितीपत्रकात या गाडीचा पल्ला ४३० किलोमीटर दिलेला आहे. उबदार महिन्यांत मी तिच्याकडून एका चार्जमध्ये ४०० किलोमीटर सहज काढले, त्यामुळे त्या आकड्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पारा शून्याखाली गेल्यावर मात्र तोच पल्ला २८० ते २९०वर आला आणि ज्या दिवशी लहान-लहान फेऱ्या झाल्या त्या दिवशी त्याहूनही खाली घसरला. गाडीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेले बहुतेक सगळे या वर्गातल्या कोणत्याही गाडीला लागू पडते. मध्यम आकार, वापरता येईल अशी ६० युनिटची बॅटरी आणि केबिन गरम करण्यासाठी हीट पंपाऐवजी (म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या यंत्रणेऐवजी) साधा विजेचा हीटर, एवढी तिची ओळख पुरेशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, पण तो हिवाळ्याचाही नसतो. हा आकडा ज्या डब्ल्यूएलटीपी नावाच्या प्रमाणित चाचणीतून येतो ती प्रयोगशाळेत २३ अंश सेल्सिअसच्या आसपास, हीटर आणि एसी बंद ठेवून घेतली जाते. थंडीत नेमका हीटरच सर्वांत जास्त वीज खातो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९मध्ये पाच विजेच्या गाड्या उणे ७ अंशांच्या सुमारास तपासल्या, तेव्हा हीटर बंद असताना पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला आणि हीटर चालू केल्यावर ४१ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधले अंतर पाहिले की दोष एकट्या बॅटरीच्या माथी मारता येत नाही, हे लक्षात येते.

ग्यानबाची मेख पुढेच आहे. मोटर वीज घेते ती किलोमीटरच्या हिशेबाने, तर हीटर घेतो तो तासाच्या हिशेबाने. माझ्या गाडीचा हीटर सुरुवातीची पंधरा मिनिटे सुमारे ५ किलोवॅट ओढतो आणि केबिन तापल्यावर २ किलोवॅटच्या आसपास स्थिरावतो. ताशी ९० किलोमीटरने जाताना हे २ किलोवॅट दर १०० किलोमीटरमागे सव्वादोन युनिटांची भर घालतात, पण गर्दीत ताशी ३० किलोमीटरने रखडत गेल्यास हीच भर साडेसहा युनिटांच्या पुढे जाते. आठ किलोमीटरच्या फेरीचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे: उबदार दिवशी चाकांना लागतात १.२ युनिट, आणि थंडीत पहिल्या पंधरा मिनिटांत हीटर एकटाच तेवढीच वीज संपवतो. गाडी तासाभराने पुन्हा काढावी तर केबिन गार पडलेली असते आणि सगळा खर्च पहिल्यापासून सुरू होतो. दिवसभरात अशा चार-पाच फेऱ्या करून संध्याकाळी ‘बॅटरी खराब झाली’ म्हणणारे चालक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांची बॅटरी धडधाकट असते.

पेट्रोलच्या गाडीत हा प्रश्न जाणवत नाही, कारण तिच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक ऊर्जा उष्णता होऊन वायाच जाते आणि केबिन त्या फुकटच्या उष्णतेवर तापते. थंडीचा फटका तिलाही बसतोच. विजेच्या मोटरमध्ये वाया जाणारी उष्णता फार थोडी असते, म्हणून तिचा हाच गुण हिवाळ्यात महाग पडतो.

उरलेली घट बॅटरीतून, हवेतून आणि टायरांतून येते. गारठ्यात बॅटरीतला द्रव दाट होतो, लिथियमच्या आयनांची ये-जा मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि साठवलेल्या विजेचा काही भाग बाहेर येण्याआधीच खर्च होतो. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्यांना हा त्रास निकेलयुक्त बॅटऱ्यांपेक्षा जास्त होतो. हवेचे म्हणाल तर २३ अंशांच्या मानाने उणे ८ अंशांची हवा अकराएक टक्क्यांनी घन असते आणि महामार्गावर गाडीला तिलाच चिरत जायचे असते. यावर कोणत्याही कंपनीकडे इलाज नाही. टायरमधला दाब दर पाच-सहा अंशांच्या घसरणीमागे साधारण १ पीएसआयने कमी होतो, म्हणून तो थंडीत दर पंधरवड्याला तपासणे हा पल्ला राखण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

पहाटे गाडी काढतानाचा अनुभव इथे नोंदवतो. काचेवर हिमाचा पापुद्रा असतो, चार्जिंगची केबल काठीसारखी ताठ झालेली असते आणि तिचे वेटोळे करायला दोन्ही हात लागतात. डॅशबोर्डवर हिमकणाचे निळे चिन्ह उमटते. पहिल्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की नेहमीसारखी गाडी मंदावत नाही, ती तशीच पुढे घरंगळत राहते, कारण एरवी पाय उचलताच मोटर ब्रेकसारखे काम करून वीज बॅटरीत परत पाठवते, आणि गार बॅटरी ती घ्यायला तयार नसते. ब्रेक न दाबता एका पेडलवर गाडी चालवण्याची सवय लागलेल्या माणसाला हे अगोदर कोणीतरी सांगायला हवे. शिवाय उताराच्या रस्त्यावर एरवी परत मिळणारी वीजही त्या काळात मिळत नाही.

माझी खरी नाराजी जलद चार्जिंगबद्दल आहे. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी घेऊन मी उणे ९ अंशांत १५० किलोवॅटच्या चार्जरवर पोचलो तेव्हा बॅटरी २२ टक्क्यांवर होती. चार्जिंग सुरू झाले ते ३१ किलोवॅटने. उन्हाळ्यात ८० टक्क्यांपर्यंत जायला जिथे २८ मिनिटे लागत, तिथे ५५ लागली. कारण योग्यच आहे: गार बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते, म्हणून नियंत्रक वेग रोखतो. आक्षेप वेगळा आहे. या गाडीत वाटेतच बॅटरी गरम करण्याची सोय आहे, पण चार्जिंग केंद्र हे गंतव्य म्हणून गाडीच्याच नकाशात घातले तरच ती सुरू होते, आणि मी रस्ता फोनवर पाहत होतो. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख एका ओळीत, तोही चार्जिंगच्या प्रकरणाबाहेर आहे. सेवा केंद्राला विचारले तेव्हा ‘थंडीत असेच होते’ एवढेच उत्तर मिळाले. ज्या सोयीसाठी ग्राहकाने पैसे मोजले आहेत ती चालवायची कशी, हे त्याला नीट सांगितलेच पाहिजे.

जमेची बाजूही मोठी आहे. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच निघण्याआधी अर्धा तास केबिन आणि बॅटरी तापवून ठेवली, तर तो सगळा खर्च घरच्या विजेवर जातो आणि माझ्या नेहमीच्या फेरीत थंडीची निम्मी घट तिथेच भरून निघते. त्यानंतर हीटर १८ अंशांवर ठेवून सीट आणि स्टिअरिंग गरम करणारी सोय वापरावी. सीट तापायला १०० वॅटही लागत नाहीत आणि ऊब थेट अंगाला मिळते. नवी गाडी घेणाऱ्यांनी हीट पंपाचा आग्रह धरावा असे मी ठामपणे म्हणेन. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे सौम्य थंडीत एका युनिटाच्या बदल्यात दोन-तीन युनिटांची ऊब देतो. पारा बराच खाली गेला की हा फायदा आटत जातो, पण हिवाळ्याचे बहुतेक दिवस तितके कडक नसतात.

दूरच्या प्रवासासाठी मी आता माहितीपत्रकातल्या आकड्याच्या ६० टक्केच पल्ला धरतो आणि १५ टक्क्यांखाली बॅटरी जाऊ देत नाही. पडद्यावरच्या अंदाजावर पहिल्या वीस किलोमीटरपर्यंत विसंबू नये, कारण तो आदल्या दिवसाच्या वापरावरून काढलेला असतो आणि रात्रीतून पारा दहा अंशांनी उतरल्याची त्याला दखल नसते.

बर्फात अडकलो तर काय, ही शंका मला सर्वांत जास्त विचारली जाते. उभ्या गाडीत मोटर काहीच घेत नाही, फक्त ऊब टिकवायची असते आणि त्याला दीड ते दोन किलोवॅट लागतात. ७० टक्के भरलेल्या माझ्या बॅटरीत ४२ युनिट असतात, म्हणजे हीटर अखंड चालू ठेवूनही वीस तासांहून अधिक वेळ काढता येतो. शिवाय गाडीतून धूर निघत नसल्यामुळे बर्फाने एक्झॉस्ट तुंबून विषारी वायू आत येण्याचा धोकाही राहत नाही.