बीबीसी मायक्रोचा पॉवर सप्लाय : धूर निघाल्यानंतरचा अनुभव

बीबीसी मायक्रो म्हणजे ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश संगणक. धूर निघाला तेव्हा मशीन चालूच होतं, हे आधी सांगतो. स्क्रीनवर कर्सर लुकलुकतोय आणि डाव्या बाजूच्या फटींतून पांढरा धूर. खोलीतला वास आठवडाभर गेला नाही आणि घरात मला जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

हे मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांना कारण लगेच कळलं असेल: मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, फिल्टरमधले एक्स-२ जातीचे कपॅसिटर. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, वर इपॉक्सी. इपॉक्सीला बारीक चिरा पडतात, दमट हवा आत शिरते आणि एक दिवस फट्. त्यात आपला पावसाळा आणि रात्री २५० व्होल्टपर्यंत चढणारी लाइन. फिल्टरच असल्यामुळे तो गेला तरी पुढचे ५ व्होल्ट शाबूत राहतात.

पहिला विचार अख्खा सप्लायच बदलायचा होता. पण ५ व्होल्टला ३.७५ अँपिअर, फ्लॉपी ड्राइव्हसाठी १२ व्होल्ट आणि वर ती जांभळ्या वायरवरची उणे ५ व्होल्ट! ही शेवटची लोक विसरतात, मग सिरियल पोर्ट का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. तिन्ही देणारं मॉड्यूल घ्यायचं तर दोन-अडीच हजारांना फोडणी, शिवाय जुन्या डब्याला भोकं पाडा. माझं मशीन १९८४ साली सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवणाऱ्या सरकारी 'क्लास' प्रकल्पातलं, एका शाळेने भंगारात काढलेलं. त्याला ड्रिल लावणार नाही.

म्हणून कपॅसिटर. एक ०.१ मायक्रोफॅरड, एक ०.०१. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराने ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिस्टर पुढे केला, "सेमच आहे साहेब, हाच चालतो." नाही चालत. मेन्सवर थेट बसणारा कपॅसिटर एक्स-२च लागतो, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला. अर्धा तास वाद घातला आणि दुसऱ्या दुकानात वडापावच्या भावात दोन्ही मिळाले.

आता माझं खरं दुखणं. जुन्या ०.१च्या पायांमधलं अंतर २० मिलिमीटर, बाजारात मिळतो तो १५चा. एवढंच! पण पाय वाकवून बसवला की तो एसटीत दांड्याला लोंबकळणाऱ्या प्रवाशासारखा तिरका. इलेक्ट्रिकली शून्य फरक, मान्य. तरी झाकण उघडलं की नजर तिथेच जाते. पायांना स्लीव्ह चढवून, काढून, पुन्हा बसवून पाहिला. सरळ होत नाही.

उघडणाऱ्यांसाठी: प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेले असतात. रेझिस्टर लावून उतरवा, मग मीटरने खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करणारे शूर वीर मी पाहिलेत. चाचणी मदरबोर्डवर करू नका. ५ व्होल्टवर गाडीचा २१ वॉटचा बल्ब लोड म्हणून लावा, ५ व्होल्ट स्थिर दिसले की मग तीन लाल, तीन काळ्या आणि ती जांभळी वायर आपापल्या जागी.

इथवर लिहून ठेवलं होतं, "दोन कपॅसिटर बदला, सुखी व्हा." जुलैत ते मत बदललं. सकाळी स्विच दाबला की नुसती बारीक किणकिण, 'बूऽऽ-बीप' नाहीच. दोन-तीनदा बंद-चालू केलं की मग उठायचं. हा दोष २२० मायक्रोफॅरडच्या छोट्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा. तो वाळला की सप्लाय सुरूच व्हायला तयार होत नाही. बदलला आणि पहिल्या दाबात बीप. तेव्हा सप्लाय उघडताय तर तिन्ही एकदमच बदला, डबा दोनदा खोलायचा ताप कशाला. अख्खा सप्लाय बदलायचा सल्ला मात्र अजूनही देणार नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर गोष्ट वेगळी.

आता रोज तासभर चालतं, डबा कोमट असतो, त्याहून जास्त नाही. वापर झाला की भिंतीवरचं बटण बंद.

२० मिलिमीटर पायांचा एक्स-२ सुटा मिळणारं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा. पाच नग घ्यायची तयारी आहे. शंभराचं पाकीट मात्र गळ्यात मारू नका.