नागपुरात लेदर सीट क्लीनिंग: त्रिमूर्तीनगरच्या भाऊंकडचा अनुभव

माझ्याकडे २०१५ ची सेकंडहँड सेडान आहे, आत बेज कलरच्या लेदर सीटा, आणि नागपुरात ज्यानी बेज सीट वापरली आहे त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. धूळ, घाम, पोरांनी मागे बसून सोललेली संत्री, रविवारी सकाळी पार्सल आणलेल्या तर्री पोह्याची पिशवी, सगळं सीटवर उमटतं. गाडी घेतली तेव्हा सीटा मस्त चमकत होत्या म्हणून मी खुश होतो. ती चमक म्हणजे नेमकं काय होतं ते आत्ता कळलं, म्हणून हे लिहून राहिलो.

मार्चमधे एका वॉशिंग सेंटरवर इंटिरिअर क्लीनिंग करून घेतलं. पोरानी ओल्या फडक्यानी सीट पुसली, एका कॅनमधलं पांढरं पॉलिश स्पंजनी फासलं, पंधरा मिनिटात काम खतम. सीट आरशासारखी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचलो तर पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तेलकट पट्टा, ब्रेक मारला की मागे बसलेली आई घसरायला लागायची, आणि आठ दिवसात त्या चिकट थरावर इतकी धूळ बसली की सीट आधीपेक्षा काळी दिसायला लागली. पैसे गेले त्याचं एवढं नाही पण सीटची अशी हालत पाहून जीवाला लागलं.

मग ऑफिसमधल्या एका सीनिअरनी त्रिमूर्तीनगरच्या आतल्या गल्लीतले हे भाऊ सांगितले. दुकानाला बोर्ड नाहीये, घराच्याच पार्किंगमधे टिनाचं शेड टाकलं आहे, आजूबाजूला विचारलं की "सीटवाले भाऊ का?" म्हणून लोक दाखवतात. पन्नाशीचे असतील, आधी वीसेक वर्षं सीट कव्हर शिवायचं काम केलं, त्यामुळे सीट आतून कशी असते हे त्यांना पाठ आहे. दहा दिवसांनंतरचा नंबर मिळाला, एप्रिलच्या शेवटी सकाळी ८ ला गाडी घेऊन गेलो.

पहिला अर्धा तास त्यांनी बाटली उघडलीच नाही. टॉर्च घेऊन एकेक सीट पाहिली, बोटानी दाबली, सुरकुत्या कशा पडतात ते मला दाखवलं. "हे पाहा भाऊ, बसायची जागा तेवढी लेदर हाय, बाजूनं अन् मागून रेग्झिन हाय. सगळ्याले एकच औषध नाही चालत." मला इतके दिवस वाटत होतं पूर्ण सीट लेदरची आहे! बऱ्याच गाड्यांमधे असंच असतं म्हणे, कंपनी लेदर सीट म्हणते तेव्हा अंग टेकतं तेवढाच भाग खऱ्या चामड्याचा. मग सीटच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकला. थेंब तसाच उभा राहिला, मुरला नाही, म्हणजे चामड्यावर रंग आणि कोटिंगचा थर शाबूत आहे. आजकालच्या बहुतेक गाड्यांचं लेदर असं कोटिंगवालंच असतं, म्हणजे आपण साफ करतो ते चामडं नाही, त्याच्यावरचा पातळ थर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं समजतं.

क्लीनर त्यांनी कलरलॉकचा वापरला, जर्मन कंपनी आहे, त्यात माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन येतात. सीटला माइल्ड, स्टिअरिंग आणि हेडरेस्टला स्ट्राँग. घरचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड कायले नाही हेही मी विचारलं. तर चामड्याचा पीएच ४-५ च्या आसपास असतो, थोडा आम्लाकडे, आणि अंगाचा साबण ९-१० चा, रोज रोज तसं केलं की चामड्याचं आणि कोटिंगचं नुकसानच. सॅनिटायझरही सीटवर मारू नका म्हणाले, अल्कोहोलनी वरचा थर विरघळतो, कोरोनाच्या वेळेस कितीतरी गाड्यांच्या सीटा अशाच गेल्या त्यांच्या पाहण्यातल्या.

आणि काम करायची पद्धत, ही मला सगळ्यात आवडली. आधी मऊ ब्रशवाल्या व्हॅक्युमनी शिलाईच्या रेघेतली माती काढली, कारण तीच माती घासली की सँडपेपरसारखी चालते. मग फेस ब्रशवर घ्यायचा, सीटवर डायरेक्ट मारायचा नाही, मधल्या भागाला बारीक भोकं आहेत त्यातून ओल आत फोममधे जाते आणि खाली वायरिंग, सेन्सर असतात. एका वेळेस वीतभरच जागा. हलक्या हातानी गोल गोल, दाब अजिबात नाही. पांढरा फेस बघता बघता चहासारखा तपकिरी झाला, मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यानी टिपला तर खाली चामड्याचे बारीक दाणे दिसले. शेजारी न केलेला भाग तसाच गुळगुळीत, चमकणारा. तेव्हा समजलं, चमक होती ती मळाची आणि जुन्या पॉलिशची, दाण्यांमधे भरून सपाट झालेली. माझ्या हेडरेस्टवर तर बाबांच्या खोबरेल तेलाचा कितीतरी वर्षांचा थर, तिथे तीनदा हात फिरवावा लागला. स्टिअरिंगचा टॉवेल त्यांनी मला धरून दाखवला, अक्षरशः काळा. रोज हाताला जे लागतं ते हे.

एकट्या साफसफाईला पावणेतीन तास लागले, नंतर लावायच्या कंडिशनरला, म्हणजे चामड्याच्या क्रीमला, अर्धा तास. तेही इतकं पातळ लावलं की मला वाटलं कमी पडलं. "चामड्याले तेल पाजाचं नसते भाऊ, वरच्यावर हात फिरवाचा अन् उरलं ते पुसून टाकाचं." कोटिंगवाल्या लेदरमधे फार काही मुरत नाही, वर राहिलेलं चिकट होऊन धूळच धरतं. रेग्झिनच्या भागाला तर लावलंच नाही, तिथे त्याचा काही फायदा नाही म्हणाले. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वरून एक संरक्षक थर, करू का विचारलं तर सरळ म्हणाले या सीटले गरज नाही. पैसे मिळत होते तरी नाही म्हणणारा माणूस, हे मला फार मोठं वाटतं.

काय नाही झालं तेही लिहितो. ड्रायव्हर सीटच्या उजव्या कडेला, जिथून आपण घासत उतरतो, तिथे दोन भेगा आहेत, त्या तशाच आहेत. कंडिशनरनी भेगा भरतात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला फिलर आणि रंगकाम लागतं, ते काम वेगळं आणि खर्चही वेगळा. जीन्सचा निळा रंग बराच निघाला, पूर्ण नाही. बसायला धड जागा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि फोन तर ते क्वचितच उचलतात. घेतले २८०० रुपये. महाग वाटू शकतं पण साडेतीन तासांच्या वर एक माणूस वाकून काम करून राहिला होता, मला योग्य वाटले.

त्यानंतर नवतपा गेला, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस. या गावात २०१३ च्या मे मधे ४७.९ अंश पाहिलंय आपण, उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होत असेल ते सांगायची गरज नाही. आधी दुपारी बसलं की पाठ चिकटायची, सुटताना चर्र आवाज यायचा. यावेळेस सीट गरम होती, ती होणारच, पण कोरडी. समोरच्या काचेला सनशेड लावतो, आठवड्यातून एकदा कोरड्या मायक्रोफायबरनी पुसतो, बाकी काही नाही.

तर्रीचा पिवळा डाग त्या दिवशी थोडा राहिला होता. भाऊ म्हणाले हळद हाय, उन्हानं उडते, घासू नका. आईही हेच म्हणाली, कपड्यावरची हळद ती उन्हातच घालवते. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत डाग दिसेनासा झाला.

जायचं असेल तर फोनची वाट पाहू नका, सकाळी १० च्या आत स्वतः जाऊन नंबर लावा आणि गाडी रिकामी करून न्या. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे फार गर्दी होते म्हणे, मी ऑक्टोबरचा नंबर आत्ताच लावून आलो.