जुनी गाडी तापायची थांबली: टोपण, कूलंट आणि नवा रेडिएटर, एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

बीडकडून येताना मांजरसुंब्याचा घाट, मे महिन्यातली दुपार, गाडीत चार माणसं आणि एसी चालू. एवढं असूनही माझ्या २००७ च्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा निम्म्यावरून हलला नाही. आता लिहायला हरकत नाही. आदल्या उन्हाळ्यात याच चढावर काटा थेट लालमध्ये गेला होता.

तेव्हा एका मोठ्या वर्कशॉपने बॉनेट उघडलं आणि लगेच सांगून टाकलं: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवावं लागेल, अठरा हजार धरून चाला. प्रेशर टेस्ट केली नाही, ऑइलसुद्धा पाहिलं नाही. राग त्याचा आहे. गॅस्केट गेलं की खुणा दिसतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

गाडी अंबाजोगाईला आमच्या मिस्त्रीमामांकडे आणली. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. मग पाहतो तर रेडिएटरमधून बाहेर पडणारं पाणी साठवणारी बाजूची बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. "पानी बाहेर जातंय, पण वापस येईना. टोपण गेलं तुमचं," मामा म्हणाले. टोपणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं आणि खालच्या छोट्या व्हॉल्व्हवर पांढरी खपली धरली होती.

टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा, बारमध्ये. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग सैल पडली की ती सगळी सवलत गेली. आणि इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायचं काम तो छोटा व्हॉल्व्ह करतो. नवं टोपण १८० रुपयांना मिळालं, जुन्यावरचाच आकडा बघून घेतलं. कुठे अठरा हजार आणि कुठे १८० रुपये!

दिवाळीपर्यंत मी भेटेल त्याला टोपणच बदलायला सांगत होतो. मार्चमध्ये ऊन चढलं आणि मत बदलावं लागलं. लातूर रस्त्यावर एसी लावून पळवली की काटा पुन्हा वर सरकायचा, गावातल्या गर्दीत मात्र ठीक. इथेच निदान होतं. गर्दीत तापली तर आधी पंखा बघायचा. पळताना किंवा चढावर तापली तर रेडिएटरमधून पाणी नीट फिरतंय का ते बघायचं. मामांनी गाडी गरम करून बंद केली आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. वरचा भाग चटका देत होता, खालचा कोपरा गार. म्हणजे नळ्या चोंदलेल्या.

कारण आपल्याकडचं पाणी. आधीचे मालक बोअरचं पाणी टाकत. ते जड, त्यातले क्षार तापले की नळ्यांत बसतात. गीझरच्या कॉइलवर जमतो तोच थर. टंचाईत टँकरने येतं तेही बहुतेक बोअरचंच. रेडिएटरला हे पाणी घालूच नका, मग ते प्यायला कितीही गोड लागो.

नवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर ३,२०० रुपयांना पडला. कंपनीचा नाही, म्हणून आधी मन तयार नव्हतं. उन्हाळा आणि पावसाळा काढला त्याने, एक थेंब गळती नाही. पैसे वसूल.

एकाने थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्हच, काढून टाकायला सांगितलं होतं. आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो आणि तो मला अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. काढला की थंडीत इंजिन गारच चालतं आणि पेट्रोल जास्त खातं. अडकला असेल तर नवा बसवा.

कूलंट, म्हणजे रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी घालायचं द्रव, घेताना रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा. मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणतो आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळतो. तयार कूलंटपेक्षा स्वस्त पडतं. पंख्याची मोटर अजून जुनीच आहे, हल्ली थोडा आवाज करते. पुढच्या फेब्रुवारीच्या आत ती बदलून घेणार आहे.