आबांच्या बोटाला चालेल असा टोचायचा पेन

शुगरचं मशीन घ्यायला माणूस मेडिकलवर गेला की पहिला प्रश्न मशीनचा, दुसरा स्ट्रिपच्या भावाचा. बोट टोचून स्ट्रिपला लावायचा रक्ताचा थेंब काढणारा पेन कोणी हातात घेऊनही बघत नाही. आमच्या घरी मात्र रोजचा खोळंबा त्या पेनापाशीच व्हायचा. म्हणून इथे मशीनबद्दल कमी आणि पेनाबद्दल जास्त लिहिते आहे.

आमचं घर जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ, केळीवाल्यांचं. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची हयात बागेत गेली. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापायची, खोडं तोडायची, घड उतरवायचे. बोटांची कातडी कडक झालेली, आणि भेगांत केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे बसलेले. सासूबाईंची बोटं अगदी उलट, पातळ कातडीची. जरा खोल टोचलं की दुसऱ्या दिवशी पापडाचं पीठ मळताना त्यांना ती जागा ठणकते. दोघांनाही शुगर आहे आणि दोघांची तपासणी माझ्याकडे आहे.

मशीनसोबत डब्यात आलेल्या पेनावर सुई किती खोल जाईल याचे पाच आकडे होते. आबांसाठी शेवटचा आकडा लावला तरी मोहरीएवढंही रक्त यायचं नाही. मग बोट दाबायचं, पिळायचं, स्ट्रिप लावायची, आणि मशीन एरर दाखवायचं. आबा वैतागून म्हणायचे, "रगतच निघत नाही तर टोचते कशाला?" त्यांचं बरोबरच होतं. शिवाय बोट जोरात पिळलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो. सुई स्वस्त असते, स्ट्रिप महाग. रक्त कमी पडून स्ट्रिप वाया गेली की फुकटचा पेनही महागात पडतो.

सध्या आबांसाठी अ‍ॅक्यू-चेक सॉफ्टक्लिक्स वापरते. त्यावर ०.५ पासून ५.५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने खोलीच्या ११ पायऱ्या आहेत. आबांचं काम ४.५ वर होतं. या पेनाची मला पटलेली गोष्ट म्हणजे सुई आत रुळावरून गेल्यासारखी सरळ जाते आणि सरळ परत येते, आडवी थरथरत नाही. दुखतं ते बरंचसं त्या थरथरण्यामुळे. मागचं बटण दाबलं की पेन ताणला जातो आणि पुढच्या बटणात पिवळा ठिपका दिसतो. तो दिसला म्हणजे तयार. चष्मा नसला तरी आबांना तो ठिपका कळतो, त्यामुळे आता पेन ते स्वतःच ताणतात. नवीन माणूस एका जागी अडखळतो: टोपण परत लावताना त्याच्या कडेची अर्धगोल खाच पेनावरच्या खाचेशी जुळली पाहिजे, नाहीतर ते बसत नाही. एकदा हाताला वळण पडलं की न बघताही जमतं.

सुईची जाडी नंबरावरून ओळखायची. नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. सॉफ्टक्लिक्सची सुई २८ नंबरची. दुकानात सगळे "बारीकातली द्या, दुखायला नको" म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या बोटाला नेमकी तीच उपयोगाची नसते. कडक कातडीत बारीक सुईने छिद्र पडतं, पण थेंब वर येत नाही. मग तिथेच दुसऱ्यांदा टोचावं लागतं, ते पहिल्यापेक्षा जास्त लागतं. आबांसारख्या हातांना २८ नंबर आणि जास्त खोली, असं मी कोणालाही बिनधास्त सांगेन.

सासूबाईंना वनटच डेलिका प्लस मानवला. त्यात ३० किंवा ३३ नंबरची सुई मिळते आणि खोलीच्या १३ पायऱ्या आहेत. खालच्याच पायरीवर त्यांचं भागतं. "टोचलं का?" असं त्या विचारतात तेव्हा थेंब वर आलेला असतो. त्यांच्या बोटाला याहून जास्त काही लागतच नाही.

दोन्ही पेनांची एक अडचण सारखीच आहे. ज्याचा पेन त्याचीच सुई लागते. साध्या गोल सुया पुष्कळ पेनांत बसतात आणि शंभराचा डबा स्वस्तात येतो, या दोन पेनांना त्या चालत नाहीत. दर महिन्याचा खर्च आधी मांडून बघा. गावातल्या मेडिकलवर त्या सुया नेहमी मिळतात का, तेही विचारून घ्या. नाहीतर प्रत्येक पाकिटासाठी भुसावळ गाठावं लागेल.

हात थरथरणाऱ्या माणसासाठी फास्टक्लिक्स नावाचा तिसरा पेनही आहे. त्यात सहा सुयांचा एक ड्रम बसतो. सुई डोळ्यांना दिसत नाही, हाताळावी लागत नाही, आणि ताणणं-टोचणं एकाच दाबात होतं. सुयांचा धसका घेतलेल्यांना तो सोयीचा आहे.

पेन ठरवताना स्ट्रिपला रक्त किती लागतं हेही बघायला हवं. अ‍ॅक्यू-चेक अ‍ॅक्टिव्हला १ ते २ मायक्रोलिटर लागतं, अ‍ॅक्यू-चेक इन्स्टंट किंवा काँटूर प्लसला ०.६ पुरतं. ज्यांच्या बोटातून रक्त कंजूषपणे येतं त्यांनी कमी रक्ताची स्ट्रिप घ्यावी, मग पेनही कमी खोलीवर चालतो. काँटूर प्लसमध्ये पहिला थेंब कमी पडला तर थोड्या सेकंदांत त्याच स्ट्रिपला आणखी रक्त लावता येतं. आबांच्या मशीनला ही सोय असती तर कितीतरी स्ट्रिपा वाचल्या असत्या.

आणि केळीवाल्यांसाठी खास सांगते. पिकलेलं केळं सोलून हात न धुता बोट टोचलं तर फळाची साखर रक्ताच्या थेंबात उतरते आणि आकडा भलताच वर जातो. तो बघून कोणी गोळी किंवा इन्सुलिन वाढवून घेतलं तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे ओसरीवर घड टांगलेला असतो, येता-जाता हात जातोच. म्हणून साबण आणि कोमट पाणी, मग कोरडा पंचा, हे झाल्याशिवाय मी पेन बाहेर काढत नाही. थंडीत तर कोमट पाण्याचा दुहेरी फायदा. सकाळी बागेतून गारठून आलेल्या बोटांत रक्त उतरतं. हात मिनिटभर खाली सोडायचा, मधल्या किंवा करंगळीशेजारच्या बोटाच्या कडेला टोचायचं. शेंड्यावर नको, तिथेच जास्त दुखतं आणि कामही त्याच जागेचं असतं.

दोघांचे पेन वेगळे आहेत, त्यांवर मी नावं लिहून ठेवली आहेत. "सुई बदलली की झालं, पेन एकच चालेल" असं शेजारीपाजारी सर्रास म्हणतात. नाही चालत. पेनाच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणारं रक्त राहतं, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. शुगर तपासणीच्या एका शिबिरात एकच पेन रांगेतल्या सगळ्यांना लावताना मी पाहिला आणि आबांना हात धरून बाहेर आणलं. शिबिरात एकदा टोचली की आपोआप आत जाणारी, पुन्हा न वापरता येणारी सुईच हवी. नसेल तर हात पुढे करू नका, मग शिबिर कोणाचंही असो.

घरच्या सुईबद्दलही तेच. सुई एकदाच वापरायची, पाकिटावर तसं लिहिलेलंच असतं. वापरलेल्या सुया मी औषधाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकते. बाटली भरत आली की टोपण चिकटपट्टीने बंद करते, आणि आमचा लॅबवाला त्यांच्या कचऱ्यासोबत ती घेऊन जातो. तुमच्याकडे कोणी घेतं का, हे पेन विकत घेतानाच विचारून ठेवा. सुटी सुई घंटागाडीत गेली की कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात शिरते.