ग्वामची चामोरो वंशावळ आणि जुन्या पेपरातल्या नोंदी: पेड साइटचे पैसे वसूल होतात का?

आधीच सांगते, सासरची माणसं चामोरो, म्हणजे ग्वाम या पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या बेटावरची मूळ रहिवासी असतील आणि वंशावळ जुळवायची असेल तर जुन्या पेपरातल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. 1944 च्या लढाईत ग्वामची राजधानी हगात्न्या पार बेचिराख झाली, चर्चची बरीच जुनी दप्तरं त्यात गेली, त्यामुळे बाप्तिस्म्याची वही काढून बघू म्हणाल तर वहीच नसते बऱ्याचदा.

युद्धाआधीचं म्हणजे 1909 ला सुरू झालेलं ग्वाम न्यूज लेटर आणि मग 1924 ते 1941 चं ग्वाम रेकॉर्डर, दोन्ही मासिकं, अमेरिकन नेव्हीच्या राजवटीतली. महिन्याचं असल्यामुळे जूनच्या अंकात छापलंय म्हणून जन्म जूनचाच असं धरू नका. डिसेंबर 1941 ते जुलै 1944 जपानी अंमल, तिथे सरळ भगदाड आहे, पेपरात शोधत बसू नका.

खरा खजिना म्हणजे युद्धानंतरच्या अंत्यविधीच्या जाहिराती, ग्वाम डेली न्यूज आणि पुढे पॅसिफिक डेली न्यूजमधल्या. फोटो, खाली कुटुंबाचं टोपणनाव, नऊ रात्रींच्या रोझरीची (कॅथलिक जपमाळेच्या प्रार्थनेची) वेळ, मग आधी गेलेली भावंडं, हयात भावंडं, प्रत्येकापुढे रेघ मारून नवरा किंवा बायको, आणि हे सगळं एका कॉलमात, चष्मा लावूनही डोळे दुखतात पण तीन पिढ्या हातात येतात हो! टोपणनाव अजिबात सोडू नका, कारण क्रूझ, पेरेझ, सांतोस इतके आहेत की एकाच गावात त्याच नावाची चार माणसं निघतात, कोण कुठल्या घरातला ते टोपणनावावरूनच कळतं. आणि मधलं अक्षर बघा, होसे सी. पेरेझ मधला सी म्हणजे बहुतेक वेळा आईचं माहेरचं आडनाव, बाईच्या बाबतीत लग्नानंतर तिथे तिच्या वडिलांचं आडनाव येतं. सासूबाईंकडच्या दोन मारिया मला एवढ्यावरूनच वेगळ्या करता आल्या. अजून एक गंमत, ग्वाम तारखेने अमेरिकेच्या मुख्य भूमीच्या पुढे आहे, त्यामुळे सॅन दिएगोत वारलेल्या माणसाची तारीख दोन्हीकडे एका दिवसाने वेगळी दिसू शकते, लगेच चूक समजून खोडू नका.

आता तक्रार. मी ज्या पेड साइटवर हे बघितलं (नाव नाही घेत) तिचा सर्च म्हणजे वैताग आहे. कितुग्वा, ताइहेरॉन, माफ्नास असली आडनावं तो मशीन वाटेल तशी वाचतो, त्यामुळे नाव टाकून काही येत नाही, गाव आणि महिना धरून पान न् पान उलटावं लागतं. गावसुद्धा जुन्या स्पेलिंगने, आगान्या (म्हणजे हगात्न्याच), इनाराहान वगैरे, आणि सुमाय तर आता नकाशात गाव म्हणून सापडतच नाही, तिथे नेव्हीचा तळ आहे.

म्हणून आधी फुकटातलं उरकून घ्या. 1920, 1930, 1940 च्या अमेरिकन खानेसुमाऱ्या, त्याच्या मागची 1897 ची स्पॅनिश राजवटीतली, आणि मांगिलाओला ग्वाम युनिव्हर्सिटीत मायक्रोनेशियन एरिया रिसर्च सेंटर आहे तिथे काय मिळतंय ते विचारा. पाहिजे ती नावं, गावं, अंदाजे सालं कागदावर आली की मगच पेड साइटची एकच महिन्याची मेंबरशिप घ्या. नोंदींना 5 पैकी 5, साइटला 2, आणि ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा, ते बटण सेटिंगमध्ये पार तळाला दडवून ठेवलंय.