ब्लॉकचं बटण दाबल्यावर नेमकं काय बंद होतं

नको असलेल्या माणसाला ब्लॉक करायची सोय आता प्रत्येक फोनमध्ये आणि जवळपास प्रत्येक ॲपमध्ये आहे. शब्द सगळीकडे एकच, काम मात्र जागोजागी निराळं. कुठे ब्लॉक म्हणजे फक्त घंटी वाजत नाही. कुठे मेल येतोच, पण स्पॅममध्ये जाऊन पडतो. कुठे समोरच्याला तुमचं खातंच दिसेनासं होतं. आणि एका ठिकाणी तर ब्लॉक झालेला माणूस तुमचं लिखाण खुशाल वाचत बसू शकतो. म्हणून या परीक्षणात प्रत्येक बटणाला तेच प्रश्न विचारले आहेत: काय बंद झालं, काय उघडं राहिलं, आणि समोरच्याला काय कळलं?

निव्वळ फोनचं बोलायचं तर सगळ्यात लांब हात आयफोनचा. फोन ॲपच्या रीसेंट्समध्ये नंबराशेजारचं गोलातलं 'आय' दाबायचं, तळाशी जायचं आणि ब्लॉक करायचं. एवढ्यात साधे कॉल, फेसटाइम (ॲपलचे इंटरनेटवरचे कॉल) आणि मेसेज एकदम अडतात. त्याच ॲपल खात्यावर आयपॅड किंवा मॅक असेल तर तिथेही. समोरच्याला सूचना जात नाही. त्याने आयमेसेज, म्हणजे ॲपलचा स्वतःचा इंटरनेटवरचा मेसेज, पाठवला तर त्याखाली 'डिलिव्हर्ड' उमटत नाही, इतकंच. व्हॉइसमेलची सोय असेल तर तो निरोप ठेवू शकतो, पण तो निरोप व्हॉइसमेलच्या यादीत अगदी खाली 'ब्लॉक्ड मेसेजेस'मध्ये गपचूप जाऊन बसतो. मेलचं मात्र तपासून घ्या. मेलच्या सेटिंग्जमध्ये 'ब्लॉक्ड सेंडर ऑप्शन्स' आहे. तिथे 'मूव्ह टू ट्रॅश' निवडलेलं नसेल तर ब्लॉक केलेल्याचा मेल नुसती खूण लेवून इनबॉक्समध्येच दिसत राहतो.

आयफोनची एक चांगली खोच अशी की संपर्काचं कार्ड उघडून ब्लॉक केलं की त्या कार्डावरचे सगळे नंबर आणि ई-मेल पत्ते एका दमात यादीत जातात. माणसाचे तीन नंबर आणि दोन मेल माहीत असतील तर आधी ते एका कार्डात भरा, मग ब्लॉक करा. उलट क्रमाने गेलात तर एक नंबर अडतो आणि बाकीचे चालू राहतात, आणि मग 'ब्लॉक चालत नाही' अशी तक्रार होते. झालेली यादी आयओएस (आयफोनची सिस्टिम) १८मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, फोन, ब्लॉक्ड कॉन्टॅक्ट्स इथे मिळते. त्याआधीच्या आवृत्त्यांत मधला 'ॲप्स'चा टप्पा नव्हता.

२०१९च्या आयओएस १३पासून 'सायलेन्स अननोन कॉलर्स' आहे. संपर्कांत नसलेल्या नंबराचा कॉल वाजत नाही, पण रीसेंट्समध्ये नोंद राहते. चोवीस तास त्रास देणाऱ्या जाहिरातवाल्यांवर हा उतारा रामबाण आहे, पण सरसकट आहे: दारात पार्सल घेऊन उभा असलेला माणूस आणि रुग्णालयातून आलेला फोनही गप्प होतो. यात एक पोट-नियम आहे. त्या फोनवरून आपत्कालीन क्रमांक लावला की पुढचे २४ तास ही सोय आपोआप थांबते, म्हणजे मदतीला निघालेल्यांचा उलट फोन लागावा. आयओएस २६ने मधला मार्ग काढला आहे. अनोळखी माणसाला फोनच नाव आणि काम विचारतो, उत्तर पडद्यावर दाखवतो, आणि मग उचलायचं की नाही ते तुम्ही ठरवता. आंधळेपणाने गप्प करण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

अँड्रॉइडवर ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी आवृत्ती ७पासून खुद्द सिस्टिमच्या पोटात असते. म्हणून डायलरमध्ये ब्लॉक केलेला नंबर मेसेज ॲपमध्येही अडतो. गूगलच्या फोन ॲपमध्ये कॉल लॉगमधला नंबर दाबून धरायचा आणि ब्लॉक निवडायचं. नंबर आधीच ठाऊक असेल तर सेटिंग्जमधल्या 'ब्लॉक्ड नंबर्स'मध्ये हाताने टाकायचा, आणि टाकताना अधिकचं चिन्ह व देशाचा कोड लावून पूर्ण टाकायचा. ब्लॉक करताना स्पॅम म्हणून कळवण्याची चौकोनी खूण समोर येते. ती जाहिरातवाल्यांसाठी आहे. ओळखीच्या माणसाशी बिनसलं म्हणून त्याचा नंबर स्पॅम म्हणून कळवू नये.

अँड्रॉइडवर सर्वाधिक फसगत करणारं बटण याच 'ब्लॉक्ड नंबर्स'च्या पानावर आहे. 'अननोन' नावाचं. नाव वाचून लोक समजतात की संपर्कांत नसलेले सगळे नंबर आता बंद. तसं अजिबात नाही. हे बटण फक्त स्वतःचा नंबर लपवून येणारे कॉल अडवतं, म्हणजे पडद्यावर 'प्रायव्हेट' किंवा 'अननोन' असं येतं ते. दहा आकडे स्वच्छ दिसणारा परका नंबर याच्या नाकासमोरून आत येतो. सॅमसंगच्या फोनमध्ये 'ब्लॉक नंबर्स'खालचं असंच बटण असंच वागतं. स्पॅम रोखायचा असेल तर गूगलच्या ॲपमध्ये 'कॉलर आयडी अँड स्पॅम' या पानावर जाऊन स्पॅम कॉल गाळण्याचं वेगळं बटण चालू करावं लागतं. नाव ठेवणाऱ्याने जरा विचार केला असता तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

आपत्कालीन नियम इथेही आहे, आणि जास्त लांब: तसा फोन लावल्यावर ब्लॉकची अख्खी यादीच साधारण ४८ तास निष्क्रिय होते. यादी पुसली जात नाही. ब्लॉक्ड नंबर्सच्या पानावर तशी पाटी दिसते आणि तिथूनच ब्लॉक लगेच पुन्हा चालू करता येतं. ज्याच्या भीतीने मदत मागितली त्याचाच नंबर अशा वेळी मोकळा होऊ शकतो, तेव्हा हे पान लक्षात ठेवा.

फोन गप्प ठेवणाऱ्या 'डू नॉट डिस्टर्ब'वर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक फट. आयफोनमध्ये 'रिपीटेड कॉल्स' चालू असेल तर त्याच नंबरावरून तीन मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल वाजतो. अँड्रॉइडमध्ये हीच मुदत पंधरा मिनिटांची. घरच्यांसाठी ही सोय उत्तम. नव्या नंबरावरून लागोपाठ फोन करणाऱ्यासाठी मात्र ती किल्लीच आहे. तसा त्रास असेल तर हा पर्याय बंद करा.

व्हॉट्सॲपचा ब्लॉक स्वच्छ आहे. फोनमध्ये नंबर ब्लॉक केला म्हणून व्हॉट्सॲपवर ब्लॉक होत नाही आणि उलटही नाही. दोन्हीकडे स्वतंत्रपणे करावं लागतं. गप्पा उघडून वरच्या नावावर टिचकी, अगदी खाली ब्लॉक. त्यानंतर समोरच्याच्या मेसेजवर एकच टिक राहते, तुमचं शेवटचं दर्शन ('लास्ट सीन'), ऑनलाइन असणं, स्टेटस आणि फोटोतले बदल त्याला दिसत नाहीत, कॉल तुमच्यापर्यंत पोचत नाही. मधल्या काळातले मेसेज अनब्लॉक केल्यावरही येत नाहीत. एक टिक म्हणजे ब्लॉकच असं समोरचा छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण बंद फोनलाही एकच टिक येते. हा धूसरपणा मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो योग्यच आहे.

उणीव ग्रुपची. दोघे एकाच ग्रुपमध्ये असाल तर ब्लॉक असूनही तो तिथे तुमचे मेसेज वाचतो, तुम्ही त्याचे. यावर ग्रुप सोडणं एवढाच इलाज. नव्या ग्रुपमध्ये ओढलं जाऊ नये म्हणून प्रायव्हसीत 'ग्रुप्स' उघडून 'माय कॉन्टॅक्ट्स' किंवा 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडा. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय २०२३मध्ये आली, ती प्रायव्हसीतल्या 'कॉल्स'मध्ये आहे. ब्लॉकबरोबर 'रिपोर्ट'ही केलंत तर त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. त्याला ते कळवलं जात नाही.

आणि ब्लॉक करण्याआधी 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा. फोनशिवाय चार उपकरणं एका खात्याला जोडता येतात. कधीकाळी त्याच्या संगणकावर तुमचं व्हॉट्सॲप उघडलं असेल आणि ते तसंच राहिलं असेल, तर पुढच्या दाराला कडी आणि मागचं सताड उघडं अशी गत. ओळखीचं न वाटणारं नाव दाबून 'लॉग आउट' करा, मग ब्लॉककडे वळा.

टेलिग्रामवर ब्लॉकपेक्षा नंबर लपवणं महत्त्वाचं. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'फोन नंबर'साठी 'नोबडी' निवडलं की खाली आणखी एक प्रश्न उगवतो: नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकेल? तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. पहिलं करून दुसरं विसरणारे पुष्कळ. सिग्नलवर अनोळखी माणसाचा पहिला मेसेज विनंती म्हणून येतो आणि तिथल्या तिथे ब्लॉक करता येतो. त्याबाबत सिग्नलला नावं ठेवायला जागा नाही.

समाजमाध्यमांत इन्स्टाग्राम उजवं ठरतं, कारण ब्लॉक करताना ते दोन पर्याय देतं. एक फक्त ते खातं, दुसरा त्या माणसाची इतर आणि पुढे उघडली जाणारी खातीही. दुसराच निवडावा. ही ओळख शंभर टक्के पटते असं नाही, पण त्याच फोनवरून पाच मिनिटांत नवं खातं काढून येणारा बहुधा अडतो. ब्लॉक केल्यावर त्याचे लाइक आणि प्रतिक्रिया तुमच्या पोस्टवरून जातात, आणि अनब्लॉक केल्यावर परत येत नाहीत. सहकारी, नातेवाईक अशा माणसाला ब्लॉक केल्याने नवं महाभारत होणार असेल तर 'रिस्ट्रिक्ट' वापरा. त्याची प्रतिक्रिया फक्त त्यालाच दिसते, मेसेज विनंत्यांमध्ये पडतो, तुम्ही वाचलात हे त्याला कळत नाही. न बोलता अंतर राखायची इतकी सोयीची तऱ्हा दुसऱ्या कुठल्या ॲपला जमलेली नाही.

फेसबुकवर मेसेंजरचा ब्लॉक आणि फेसबुकचा ब्लॉक यांत गल्लत होते. मेसेंजरमध्ये फक्त मेसेज व कॉल अडवलेत तर तो माणूस फेसबुकवर मित्र म्हणून तसाच राहतो. फेसबुकवर ब्लॉक केलंत तर मैत्री तुटते आणि मेसेंजरही बंद होतं. अनब्लॉक केल्यावर तोच माणूस पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं, तेव्हा 'जरा बघू तरी काय लिहिलंय' म्हणून उघडझाप करू नका.

एक्सचा (पूर्वीच्या ट्विटरचा) ब्लॉक यादीत सगळ्यात कच्चा. २०२४च्या अखेरीपासून ब्लॉक केलेला माणूस तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचू शकतो. त्याला उत्तर देता येत नाही, इतकंच. वाचूही नये असं वाटत असेल तर खातंच 'प्रोटेक्टेड' करावं लागतं, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही मुकायचं. याला ब्लॉक म्हणणं ही शब्दाची ओढाताण आहे.

जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडचे तीन ठिपके दाबले की ब्लॉक मिळतो. पुढचे मेल स्पॅममध्ये जातात, तिथे ३० दिवस राहतात, मग पुसले जातात. पाठवणाऱ्याला मेल परत जात नाही. अडचण अशी की ब्लॉक एका पत्त्याला लागतो आणि त्रास देणारा पत्ता बदलतो. मग फिल्टर लावा: शोधपट्टीच्या टोकाचं चिन्ह दाबा, 'फ्रॉम'मध्ये ॲटच्या चिन्हासकट फक्त डोमेन (पत्त्यातला ॲटनंतरचा भाग) लिहा, 'क्रिएट फिल्टर', आणि 'डिलीट इट'. त्या डोमेनचा सगळा मेल थेट कचऱ्यात. अर्थात हे त्या कंपनीच्या स्वतःच्या डोमेनसाठी. सगळ्या जगाच्या वापरातलं मोफत मेलचं डोमेन तिथे लिहिलंत तर निम्मी दुनिया गायब होईल.

मेल बंद झाला की चिकट माणूस गूगल ड्राइव्हकडे, म्हणजे फायली ठेवायच्या ऑनलाइन जागेकडे, वळतो. फाइलच्या नावातच मजकूर लिहून ती शेअर करतो, आणि सूचना येते. २०२१पासून ड्राइव्हमध्येही माणूस ब्लॉक करता येतो: त्या फायलीच्या मेनूतून. त्याने शेअर केलेल्या फायली जातात आणि तुमच्या फायलींवरचा त्याचा हक्कही. गूगल कॅलेंडरमध्ये निमंत्रणं धाडून छळण्याचा मार्ग तिथल्या 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर'मध्ये 'ओन्ली इफ द सेंडर इज नोन' निवडून बंद होतो.

ट्रूकॉलरसारखी ॲप स्पॅमच्या सामायिक यादीवर चालतात. जाहिरातवाले ओळखायला उपयुक्त, पण बदल्यात कॉल लॉग आणि संपर्कांची परवानगी मागतात. देण्याआधी ती यादी वाचा. ओळखीच्या एकाच माणसाला अडवायला असं ॲप घेणं म्हणजे माशी मारायला तोफ. बनावट नंबर दाखवून येणाऱ्या कॉलपुढे तर कुठलाही ब्लॉक लंगडाच. दर वेळी नंबर नवा, आणि तुम्ही ब्लॉक करता तो नंबर भलत्याच निरपराध माणसाचा असू शकतो. आग एकीकडे, बंब दुसरीकडे. तिथे यादी वाढवत बसण्यापेक्षा गाळणी आणि अनोळखी कॉल गप्प करणं हेच कामाचं.

प्रकरण धमकीचं किंवा पाठलागाचं असेल तर क्रम बदलतो: आधी पुरावा, मग ब्लॉक. व्हॉट्सॲपच्या गप्पा 'एक्सपोर्ट चॅट'ने बाहेर काढा. स्क्रीनशॉट घेताना एक चूक हमखास होते. नंबर नावाने साठवलेला असतो, त्यामुळे चित्रात फक्त नाव येतं आणि नंबर कुठेच दिसत नाही. म्हणून नावावर टिचकी मारून नंबर दाखवणाऱ्या पानाचंही चित्र घ्या, तारीख आणि वेळ दिसेल असं. त्यानंतर सामायिक लोकेशन, पासवर्ड आणि जोडलेली उपकरणं तपासा. आयफोनवर सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'सेफ्टी चेक' आहे. त्यात 'मॅनेज शेअरिंग अँड ॲक्सेस' घेतलं तर कोणाला काय दिसतं ते एकेक करून तोडता येतं, 'इमर्जन्सी रीसेट' घेतलं तर सगळं एका झटक्यात. वरच्या कोपऱ्यात 'क्विक एक्झिट' आहे, तो दाबला की पान तत्काळ बंद होऊन फोनचा मुख्य पडदा येतो. झटक्यात तोडण्याआधी एवढं ध्यानात घ्या की तुमचं लोकेशन अचानक दिसेनासं झालं हे समोरच्याच्या लक्षात येऊ शकतं. तेव्हा ते बटण आपण सुरक्षित जागी असताना, सोबत कोणीतरी असताना दाबा.