ओटू सेन्सर थेट बदलायचा की आधी स्कॅन? जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी

चेक इंजिन लाइट लागली की गॅरेजमध्ये पहिलं ऐकू येतं, "साहेब, ओटू सेन्सर गेलाय, टाकून घ्या." ओटू सेन्सर म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. माझ्या २०१४ च्या गाडीला कसारा घाट चढताना लाइट लागली, नाशिकला येऊन सेन्सर बदलला, काही हजार गेले आणि आठवड्यात लाइट परत हजर. स्कॅनरवर दिसलेला बिघाडाचा कोड होता पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), सेन्सर खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही. शेवटी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट लीक निघालं, तिथून हवा आत ओढली जायची आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसायचा. सकाळी थंड इंजिनला टकटक आवाज येत होता, तोच मी कानाआड केला होता.

थेट बदलणं कधी बरोबर? पी ०१३५ आला तर, म्हणजे सेन्सर गरम करणाऱ्या आतल्या हीटरचं सर्किट. तरी आधी फ्यूज आणि कपलर (वायरचा प्लग) बघा, मग मल्टिमीटर लावा, हीटरचा रेझिस्टन्स ओपन (म्हणजे आतली तार तुटलेली) दाखवला की सेन्सर बदला, जास्त डोकं लावू नका.

बाकी कोडला माझं मत ब्लूटूथ स्कॅनरकडे, हजाराच्या आत मिळतो आणि मोबाइलवर लाइव्ह डेटा दिसतो. इंजिन चांगलं गरम करून २००० च्या आसपास आरपीएम धरा, पुढचा सेन्सर (कॅट कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याच्या आधीचा) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली झाला पाहिजे, मागचा (त्या डब्यानंतरचा) जवळपास स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि पी ०४२० (कॅट नीट काम करत नाही असा कोड) असेल तर बहुतेक कॅट कन्व्हर्टर संपलाय, सेन्सर बदलून पैसे वाया जातील. पुढचा एकाच जागी अडकलेला वाटला तर व्हॅक्यूमचा एखादा छोटा पाइप क्षणभर काढा, व्होल्टेज लगेच खाली आलं तर सेन्सर जिवंत आहे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती कमीजास्त करतोय तो आकडा) अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर आधी हवेची गळती शोधा. फक्त काही गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड (वेगळ्या पद्धतीने मोजणारा) असतो, त्याला हे व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत.

आणि एक, बीएस फोर (प्रदूषणाचा सरकारी निकष, बीएस थ्रीच्या पुढचा) २०१० ला १३ मोठ्या शहरांत आलं पण देशभर एप्रिल २०१७ ला, त्यामुळे एमएच १५ ची (नाशिकची) जुनी गाडी बीएस थ्री असू शकते, आरसी बघून घ्या, बऱ्याच बीएस थ्रीला मागचा सेन्सरच नसतो आणि स्वस्त स्कॅनर कनेक्ट होईलच असं नाही.

मोठ्या स्कॅनरचं आणि गॅस अ‍ॅनलायझरचं गॅरेज कधी? पीयूसी फेल झाली आणि लाइव्ह डेटात काही सापडलं नाही तेव्हा. बीएस फोर पेट्रोलला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएमच्या आत लागतं, सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एचसी जास्त म्हणजे बऱ्याचदा मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), तेव्हा प्लग आणि कॉइल आधी.

सेन्सर घ्यायचाच ठरला तर तारा कापून जोड मारायचा घेऊ नका, पार्ट नंबर जुळवून कपलरसकट घ्या.